मुडद्याचा श्वास

मुडद्याला मरून तीन आठवडे झाले होते, आणि तरी त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

सिनेमातला मुडदा. सहा खून करून फाशी गेलेला, तुरुंगामागच्या मोकळ्या जागेत पुरलेला, आणि साक्ष देणाऱ्यांचा एकेक करून सूड घ्यायला मातीतून परत उठणारा. गोष्ट एवढीच. तीही दिग्दर्शकाने अर्ध्या दुपारीत लिहिली होती. या दिग्दर्शकाला सगळे कॅप्टन म्हणत, कारण टक्कल लपवायला तो बाराही महिने बोटीवरच्या माणसासारखी टोपी घालायचा. कॅप्टनच्या सिनेमात पैसा नव्हता, उत्साह मात्र दुथडी भरून वाहत होता. तुरुंग म्हणजे त्याच्या सासऱ्यांचं गोदाम. न्यायाधीश म्हणजे खुद्द सासरे. आणि मुडदा म्हणजे कॅप्टनच्या घरी कपाटाची फळी बसवायला आलेला सुतार. साडेसहा फुटांचा तो माणूस दारातून वाकून आत आला आणि कॅप्टन म्हणाला, "तसाच थांबा. हलू नका." तेव्हापासून त्याला मुडदा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्याची बायकोही फोनवर विचारायची, "मुडदा आहे का तिथे? येताना साबण आणायला सांगा."

चित्रीकरण झालं ते गोदाम एका टायरवाल्याच्या शेजारी. प्रत्येक प्रसंगात मागून हवा भरायच्या मशीनची घरघर. त्यामुळे तिथला एकूण एक आवाज कचऱ्यात गेला आणि सगळं ओझं आलं साउंडवाल्या बाईच्या गळ्यात. पावलं, दारं, माती, मोडणारी हाडं, दचकणारी माणसं, सगळं तिनेच नव्याने करायचं होतं.

ती सिनेमांना आवाज लावणारी. लग्नाआधीपासून हेच काम, चांगल्या स्टुडिओत, काचेच्या मागे. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच. घरातली अडगळीची खोली तिने रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या, दारावर जाड पांघरूण टांगलं आणि मधोमध माईक उभा केला. मान मोडायची तर कोबीचा गड्डा दोन्ही हातांनी पिळायचा. बोटं मोडायची तर गाजरं. रक्त ठिबकायचं तर ओलं फडकं. खुनांची संख्या बरीच असल्यामुळे घरात आठ दिवस कोबीचीच भाजी होती. सासूबाई ताटाकडे बघून विचारायच्या, "आज जेवायला कोणाची मान?"

"वकिलाची, आई."

"तरीच इतकी चिवट."

काम व्हायचं ते मुंगी झोपली की. मुंगी म्हणजे तिची लेक, तीन महिन्यांची. पाच आठवडे आधीच जगात आली, हाताच्या तळव्यात मावेल एवढी, म्हणून मुंगी. सकाळी दहा ते साडेअकरा आणि दुपारी तीननंतर तासभर, हा मुंगीच्या झोपेचा वेळ. त्यातला निम्मा तिच्या आईच्या कामाचा आणि निम्मा मुंगीच्या नाकाखाली बोट धरण्याचा. इस्पितळातून घरी सोडताना तिथली परिचारिका सहज बोलून गेली होती, "लवकर आलेलं बाळ आहे, श्वासाकडे जरा लक्ष असू द्या." ती बाई विसरूनही गेली असेल. पण हिच्या डोक्यात ते वाक्य खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं. पाच मिनिटं कोबी पिळायचा, पांघरूण बाजूला सारून बाहेर यायचं, पाळण्यावर वाकायचं, बोट धरायचं. बोटाला ऊब लागली की परत आत. पुन्हा पाच मिनिटं.

"अगं, पोर झोपलीय," सासूबाई म्हणायच्या. "शाळेतल्यासारखी हजेरी काय घेतेस सारखी?"

"बघून आले फक्त."

"बघ हो. पण एकदा तरी न बघता बघ."

नवरा छापखान्यात पहिल्या पाळीला होता, पहाटे जायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा. झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाखालीसुद्धा तिने एकदा बोट धरलं होतं. तो शिंकला, आणि घरभर हसू झालं.

सगळे आवाज मार्गी लागले. राहिला तो मुडद्याचा श्वास. माती हलते, एक हात वर येतो, आणि मग पडदा जवळजवळ मिनिटभर तसाच राहतो. नुसती माती आणि श्वास. कॅप्टनचा सगळा जीव त्या मिनिटात अडकला होता. "बाकी सिनेमा फसला तरी चालेल," तो म्हणायचा, "पण तिथे लोकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला पाहिजे."

मुडद्याला बोलावलं. तो आला, दारात वाकला, गाद्यांच्या खोलीत अवघडून उभा राहिला आणि माईकसमोर श्वास घेऊ लागला. फुगा फुगवावा तसा. ती म्हणाली, "भाऊ, जरा हळू. तुम्ही मेलेले आहात." त्याने हळू घेतला, तो फुगा चिरल्यासारखा निघाला. मग त्याला हसू आलं, आणि एकदा आलेलं हसू काही केल्या जाईना.

"ताई, मला करवत द्या, रंधा द्या," तो डोळे पुसत म्हणाला. "श्वास घ्यायला सांगितलं की कसा घेतात तेच विसरायला होतं बघा."

चार दिवसांनी दुपारी, झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी अवस्थेत, तिला सुचलं. मुंगीचं नाक थोडं चोंदलेलं होतं. झोपेत बारीक घरघर व्हायची. तिने माईक उचलून पाळण्याशी नेला आणि तो लावून ठेवला. मुंगीशेजारी बसल्या बसल्या तिचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा अकरा मिनिटं भरली होती. ती अकरा मिनिटं तिने आत नेली, संगणकावर ताणली, एकाची तीन केली. लहान बाळाचा भराभर चालणारा श्वास तिपटीने हळू झाला, खोल गेला, जाड झाला. आणि तिच्या स्वतःच्या हातावर काटा आला. कोणीतरी मोठं, फार दिवसांनी, ओल्या जागेतून हवा ओढत होतं.

त्यातलं एक मिनिट तिने त्या दृश्याखाली ठेवलं आणि कॅप्टनला पाठवून दिलं. कोणाचा श्वास ते सांगितलं नाही. तेवढ्यात मुंगी उठली.

कॅप्टनचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ती एका हाताने दुधाच्या बाटल्या विसळत होती.

"बाई, तू काय केलंस हे? माझ्या बायकोने उठून दिवा लावला. सकाळी. उजेडात."

"बरा झालाय ना?"

"बरा काय. तो जो मध्ये थांबवतेस ना तू त्याला... श्वास चालू आहे, चालू आहे, आणि बंद. आपल्याला वाटतं, गेला परत. मी घड्याळ लावून मोजलं. चोवीस सेकंद. आणि मग परत येतो. तो परत येतो तिथेच सिनेमा आहे माझा. बाकी सगळं भरताड. शुक्रवारी लोकांना दाखवायचाय, यातला केसही हलवू नकोस."

तिने फोन ठेवला. कौतुक ऐकून बरं वाटलं होतं, दोन बाटल्या विसळून होईपर्यंत ते टिकलं. तिसरी बाटली हातात असताना तिचा हात थांबला.

आपण कुठे थांबवलं त्याला?

ओले हात तसेच घेऊन ती अडगळीच्या खोलीत गेली. कामातला तिचा हिशेब साधा होता. जिथे जिथे ती आवाज कापून जोडायची तिथे पडद्यावर बारीक उभी रेघ उमटायची. शांतता घातली असती तर तिच्या दोन्ही बाजूंना रेघ दिसली असती. तिने ते मिनिट उघडलं. डोंगर, डोंगर, डोंगर, श्वासांचे डोंगर, आणि मग सपाट मैदान. रेघ कुठेच नव्हती. मैदान मुंगीचं होतं. तिने मोजलं. चोवीस सेकंद. परत मोजलं. चोवीस.

आणि त्या चोवीस सेकंदांत ती स्वतः हातभर अंतरावर भिंतीला टेकून झोपली होती.

ती पाळण्याकडे धावली. मुंगी जागी होती, स्वतःची मूठ चाटत होती. आईला बघून तिने मूठ पुढे केली, जणू तुलाही हवी का.

"आई, मी दवाखान्यात जातेय."

"काय झालं?"

"श्वास थांबतोय तिचा."

सासूबाईंनी हातातलं काम टाकलं. थट्टा नाही, प्रश्न नाही. मुंगीला दुपट्यात गुंडाळलं, स्वतःच्या चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी नाही, मग सुनेच्याच घातल्या. दवाखाना दोन चौकांवर होता. दोघी जवळजवळ पळत गेल्या. वाटेत दोन्ही वेळा लाल दिवा लागला आणि दोन्ही वेळा तिने मुंगीच्या नाकाखाली बोट धरलं. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने डोकावून विचारलं, "आहे?" "आहे." "चल."

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, चष्मा केसांत खोचलेला. चोवीस सेकंद हा आकडा ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा खाली घेतला आणि नंबर लावून बसलेल्यांना सोडून हिलाच आधी आत घेतलं.

"ओठ निळे झाले होते?"

"माहीत नाही. मी झोपले होते."

"मग कळलं कसं?"

"रेकॉर्ड केलंय."

"ऐकवा."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि कॅप्टनला पाठवलेलं ते मिनिट लावलं. खोलीत मुडद्याचा श्वास भरला. जाड, ओला, मातीतून ओढलेला. बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं. सासूबाईंनी मुंगीला छातीशी आवळलं आणि सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की हे तू माझ्या नातीला कधी केलंस. श्वास थांबला. चौघीही थांबल्या, मुंगी धरून. मग तो परत आला.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलून उलटसुलट करून पाहिला.

"हे कोण आहे?"

"ही," ती म्हणाली, आणि मुंगीकडे बोट केलं.

"ही?" डॉक्टरीणबाईंनी तळहाताएवढ्या मुंगीकडे पाहिलं. "हा तर दारू पिऊन झोपलेला हमाल वाटतो. तीन महिन्यांचं बाळ मिनिटाला चाळीस श्वास घेतं, बाई. याचे तेरा-चौदा भरतायत. तुम्ही काहीतरी केलंय याला."

"हळू केलाय. सिनेमासाठी."

"किती हळू?"

आणि मग तिला कळलं. बारा वर्षं आवाजाच्या धंद्यात. एकाची तीन स्वतःच्या हाताने केलेली. काल केलेली.

"तिप्पट," ती म्हणाली.

"म्हणजे किती झाले? मला सांगा. तुम्हीच सांगा."

"आठ."

"आठ सेकंद," डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा केसांत खोचला. "एवढी बाळं अशीच श्वास घेतात झोपेत. भराभर घेतात, थांबतात, पुन्हा सुरू करतात. आठ चालतात. वीसच्या पुढे गेलं, किंवा रंग बदलला, तर मला उठवा, कुठलीही वेळ असो." तरी त्यांनी मुंगीच्या पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला आणि तासभर तिथेच बसवून घेतलं. त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा एकदाही खाली आला नाही. मुंगीला तो दिवा फार आवडला.

परतताना मुंगीला सासूबाईंनी घेतलं. दुसऱ्या लाल दिव्याशी उभ्या असताना म्हणाल्या, "तुझा नवराही असाच थांबायचा. मी त्याला चिमटे काढून उठवायचे. मग तो रात्रभर रडायचा आणि मी म्हणायचे, चला, जिवंत आहे."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कधी? तू मोजत होतीस."

घरी आल्यावर तिने कॅप्टनला फोन लावला आणि सांगितलं की तो श्वास काढतेय.

"का?" कॅप्टन किंचाळायचाच बाकी होता. "शुक्रवार परवा आहे!"

"मुंगीचा आहे तो."

पलीकडे कॅप्टनने घसा साफ केला.

"मग काय झालं? तिचं नाव देऊ ना शेवटी, पाट्यांमध्ये."

"मला तो मुडद्याला द्यायचा नाही, कॅप्टन. तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा, तर म्हणा. मी त्या मिनिटाला एकदा मेलेय. पाचशे लोकांसमोर परत परत नाही मरायचं मला."

"आणि माझा चोवीस सेकंदांचा थांबा?"

"उद्या सकाळी मुडद्याला पाठवा."

"तो फुगा फुगवतो, बाई."

"पाठवा."

मुडदा दहाला आला. अंगाला लाकडाच्या भुशाचा वास. खोलीतली खुर्ची कुरकुरते म्हणून तो जमिनीवर बसला, तरी डोकं माईकपर्यंत पोचत होतं. पहिला फुगा. दुसरा फुगा. तिने सांगून पाहिलं की समजा तुम्ही विहिरीतून वर येताय. समजा छातीवर फळ्यांचा ढीग आहे. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "कुठलं लाकूड?" आणि तिसरा फुगा निघाला.

तेवढ्यात बाहेर मुंगी उठली. आज तिचं गणित बिघडलं होतं, झोपलीच नव्हती धड. सासूबाई तिला घेऊन दारापर्यंत आल्या, पांघरूण बाजूला करून म्हणाल्या, "ही काही माझ्याकडे राहत नाही." तिने घेतलं, हलवलं, थोपटलं. मुंगी आणखी जोरात. तासाभराचं काम आणि त्यातली वीस मिनिटं गेलेली.

"द्या इकडे," मुडदा म्हणाला. "बहिणीची तिन्ही माझ्याच अंगावर मोठी झाली. हात धुतलेत मी."

झोपलेली किंवा झोपायला आलेली मुंगी तिने आजवर घरच्यांशिवाय कोणाला दिली नव्हती. झोपलेल्या मुंगीच्या नाकाखाली बोट धरायचं तर ती हातभर अंतरावर हवी. ती दोन क्षण तशीच उभी राहिली. मग वाकून तिने मुंगी त्या फळीसारख्या छातीवर ठेवली. मुडद्याने एक पंजा वर ठेवला. मुंगी त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली, नुसतं डोकं बाहेर. दोन उचक्या आल्या, आणि ती झोपली.

आता मुडद्याची पंचाईत झाली. हलावं तर पोर उठेल. त्याची छाती जरा वर गेली की मुंगीचं डोकंही वर जाई, आणि तो घाबरून छाती तिथेच धरायचा. मग हळूच, चोरून, सोडायचा. पुन्हा थोडी हवा घ्यायचा, जिन्यावर चपला हातात घेऊन चढावं तशी.

तिने आवाज न करता कानाला हेडफोन लावले. माईक खाली ओढला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

कानात दोन श्वास होते. एक भराभर, पिसासारखा. त्याच्याखाली दुसरा, मोठा, भिजलेला, स्वतःलाच आवरणारा. अशी दोनेक मिनिटं गेली. आणि पिसाचा श्वास थांबला.

तिचं अंग उठायला निघालं. मुडद्यालाही छातीवर ते जाणवलं असावं, कारण त्याने स्वतःचा श्वास तिथल्या तिथे धरला आणि मोठे डोळे करून तिच्याकडे पाहिलं. काहीच बोलता येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत सगळा प्रश्न होता. तिने हात वर केला, आणि तो हात मुंगीकडे गेला नाही. तिने त्याला बोट दाखवलं. एक. दोन. मान हलवून सांगितलं, थांबा. तीन. चार. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पाच. दुसऱ्या हाताचं बोट. सहा. तिची नजर मुंगीच्या पाठीवर होती. सात.

मुंगीने श्वास घेतला. बारीक, आणि त्यामागून लगेच भराभर पाच-सहा.

आणि तेव्हा मुडद्याने आपला सोडला. त्या साडेसहा फुटांच्या सगळ्या कोपऱ्यांतून तो निघाला, थरथरत, तुटत, थोडा रडका. संपतोय असं वाटलं तेव्हा आणखी निघाला.

तिने लाल दिवा बंद केला.

कॅप्टनने संध्याकाळी ऐकलं. सात सेकंदांचे तिने एकवीस केले होते. तो बराच वेळ टोपी काढून टक्कल खाजवत बसला असावा, कारण फोनवर नुसता खरखर आवाज येत होता.

"हा घाबरलाय का?"

"हो."

"मेलेला माणूस? खुनी? कशाला घाबरेल?"

"ते मला विचारू नका. गोष्ट तुमची आहे."

पुन्हा खरखर. "बायको म्हणते, हा जास्त वाईट आहे," तो शेवटी म्हणाला. "म्हणते याची दया येते आणि मग जास्त भीती वाटते. राहू दे. केस हलवू नकोस."

पण तिने हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा वाजता, मुंगी झोपल्यावर ती आत बसली आणि मुडद्याच्या श्वासाखालून मुंगीचा श्वास वेगळा काढू लागली. तांदळाच्या दाण्यांतून खडे वेचतात तसा, पण खड्यांसाठी. एकेक बारीक डोंगर निवडायचा, उचलायचा, बाजूला ठेवायचा. सिनेमात त्याचं कोणाला काही कळलं नसतं. साडेअकरापर्यंत तिने सगळे उचलले आणि फक्त मुडद्याचा श्वास कॅप्टनला पाठवून दिला.

एवढ्या वेळात ती एकदाही बाहेर आली नव्हती. हे लक्षात आलं तशी ती ताडकन उठली, पांघरूण सारलं, पाळण्याशी गेली, वाकली आणि बोट धरलं.

सासूबाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "हजर?"

बोटाला ऊब लागली.

"हजर," ती म्हणाली.